गव्हाची बिअर: केळं आहे, पण लवंग कुठे गेली?

खाडीकाठ

उत्तर गोव्यातल्या एका लहान ब्रुअरीने जर्मन धर्तीची गव्हाची बिअर काढली आहे, म्हणजे हेफेवाइझन. 'हेफ' म्हणजे यीस्ट आणि 'वाइझन' म्हणजे गहू. ही बिअर गाळत नाहीत, यीस्ट तिच्यातच राहतं. ब्रुअरीचं नाव मुद्दाम देत नाही. चर्चा एका बॅचची आहे आणि पुढची बॅच वेगळी निघू शकते.

चव दोनदा घेतली. एकदा ब्रुअरीच्याच टॅपवर, अर्धा लिटरच्या ग्लासात. दुसऱ्यांदा दुकानातल्या 330 मिलीच्या बाटलीतून. बाटलीवरच्या तारखेप्रमाणे ती अकरा आठवडे जुनी होती आणि थंड कपाटात नाही, उघड्या फळीवर ट्यूबलाइटखाली होती.

टॅपवरची: रंग पिवळ्या काजूबोंडाच्या रसासारखा, गढूळ. फेस पांढराशुभ्र, तीन बोटं. चार मिनिटांनी एक बोट उरला आणि तो शेवटच्या घोटापर्यंत टिकला. वास पिकून सालीवर काळे ठिपके आलेल्या वेलची केळ्याचा, चांगला दमदार. त्यामागे भिजवलेल्या कणकेचा. कडवटपणा नावाला, आणि तो तसाच हवा. घोट गिळल्यावर मात्र गोडसर चव मागे रेंगाळते. फेस एवढा असूनही जिभेवर बुडबुड्यांची टोचणी कमी. लवंग अजिबात नाही. ग्लास तळहातात धरून कोमट केला, नाक आत घातलं, तरी नाही.

बाटलीतली: केळं निम्म्यावर आलेलं. बिअर जराशी तापली की भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास वर येतो. फेस दीड मिनिटात खाली.

हेफेवाइझनमध्ये केळं आणि लवंग यांची जोडी असते. एक असून दुसरं नसेल तर ती बिअर गोड फळाच्या सरबताकडे झुकते, आणि इथे तेच झालं आहे. लवंग नेमकी कुठे हरवली असेल? बनवताना की ठेवताना?

तांब्याची कढई

टॅपवर ताजी असतानाच लवंग नाही, म्हणजे ठेवण्याचा दोष बाजूला काढा. हा बनवतानाचा प्रश्न आहे.

लवंगेचा वास यीस्ट तयार करतं, पण त्याचा कच्चा माल दाण्यातून यावा लागतो. दाण्याच्या पेशींच्या भिंतीत फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं. मॅश, म्हणजे दळलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि गरम पाणी यांचं मिश्रण, 43 ते 45 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं थांबवलं तर माल्टमधलंच एक एन्झाइम ते आम्ल सोडवतं. पुढे आंबवताना यीस्ट त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि 4-व्हिनाइल ग्वायाकॉल बनतं. लवंग ती हीच. लिटरमागे साधारण 0.3 मिलिग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, आणि चांगल्या हेफेवाइझनमध्ये ते 1 ते 3 मिलिग्रॅम असतं.

लहान ब्रुअऱ्यांत बहुतेक वेळा मॅशच्या टाकीला तापवणारं जॅकेट नसतं. मग गरम पाणी एकदाच घालून मॅश थेट 66 अंशांवर नेतात आणि तासभर तिथेच ठेवतात. लेगर, पेल एल अशा नेहमीच्या बिअरना हे चालून जातं. इथे ते एन्झाइम काम सुरू करायच्या आतच मरतं.

एवढ्यानेही लवंग पूर्ण नाहीशी होत नाही, थोडं मोकळं आम्ल दाण्यात असतंच. त्यामुळे इथे दोन-तीन कारणं एकत्र आली असावीत. ब्रुअरीला चार गोष्टी विचारता आल्या तर विचारा: गव्हाचं प्रमाण किती, मॅशचे टप्पे कोणते, यीस्ट कुठलं आणि आंबवण किती अंशांवर.

नवखा_वेंगुर्ला

माझा समज असा होता की गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे असतात. इकडे बऱ्याच ठिकाणी 'व्हाइट' किंवा 'व्हीट' म्हणून जी मिळते तिला तसाच वास असतो, आणि वर संत्र्याची चकती लावून देतात. मग लवंग शोधायची कशाला?

खाडीकाठ

ती बेल्जियमची विटबिअर. दोन्ही गव्हाच्या, दोन्ही गढूळ, म्हणून गल्लत होते. विटमध्ये गहू बहुधा कच्चा, म्हणजे माल्ट न केलेला असतो आणि धणे व कडू संत्र्याची साल उकळताना टाकतात. होगार्डन हे तिचं माहीत असलेलं उदाहरण. ती शैली बंद पडली होती, पिएर सेलिस यांनी 1966 साली होगार्डन गावात पुन्हा सुरू केली.

हेफेवाइझन जर्मनीतल्या बव्हेरियाची. तिच्यात मसाला, फळ, साल काही पडत नाही. गव्हाचा माल्ट, बार्लीचा माल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट, बस. केळं आणि लवंग दोन्ही यीस्टचं काम. म्हणून ती चाखताना आपण खरं तर यीस्टची तब्येत चाखत असतो.

आणि चकती लावू नका. सालीतलं तेल फेस मोडतं आणि लिंबाचा-संत्र्याचा वास लवंगेला झाकून टाकतो. आधीच हरवलेली लवंग शोधताना तर मुळीच नको.

फेसाळ

टोचणी कमी का, याचं उत्तर नळाकडे आहे.

हेफेवाइझनमध्ये कार्बन डायऑक्साइड साडेतीन ते चार व्हॉल्यूम हवा, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये साडेतीन-चार लिटर वायू विरघळलेला. साध्या लेगरमध्ये तो अडीच असतो. बारमध्ये सगळे केग, म्हणजे बिअरची पिंपं, वायूचा दाब ठरवणाऱ्या एकाच रेग्युलेटरवर लावलेले असतात आणि तो लेगरच्या हिशोबाने, 4 अंशांना 12 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास ठेवलेला असतो. त्या दाबाला हेफेवाइझनचा केग लावला की जादा वायू हळूहळू बिअरमधून निघून वर जमतो आणि चार-पाच दिवसांत बिअर अडीच व्हॉल्यूमकडे सरकते. पहिल्या दिवशी खूप फेस येतो म्हणून बारवाला दाब आणखी कमी करतो, आणि त्याने बिअर अजून लवकर मरते.

4 अंशांवर साडेतीन व्हॉल्यूम टिकवायचे तर 22-23 पीएसआय लागतात. त्या केगला वेगळा रेग्युलेटर हवा. एवढ्या दाबाला नेहमीच्या लांबीच्या नळीतून नुसता फेस येईल, म्हणून नळी लांब करायची. 12 पीएसआयला दोन मीटर नळी बरोबर चालत असेल तर त्याच व्यासाची साधारण चार मीटर लावा, गुंडाळी करून थंड पेटीतच ठेवा. नळीचा बाहेर राहिलेला हातभर तुकडासुद्धा कोकणातल्या मे महिन्यात 33-34 अंशांना तापतो, आणि पहिले दोन ग्लास फेसाचे निघतात.

केगच्या तळाशी यीस्ट बसतं. आदल्या रात्री केग उलटा ठेवायचा, लावायच्या आधी सुलटा करायचा. तसं न केल्यास पहिले दहा ग्लास चिखलासारखे आणि शेवटचे काचेसारखे स्वच्छ येतात. खाडीकाठ, तुम्हाला मिळालेला ग्लास केगच्या सुरुवातीचा होता की शेवटचा, हे बारवाल्याला विचारलंत तर बरं. रंग गढूळ होता म्हणता, म्हणजे यीस्ट पुरेसं होतं असं दिसतं.

खाडीकाठ

केग त्याच दुपारी लावलेला नव्हता, तिसरा दिवस होता. तुमचा हिशोब जुळतो.

नवखा_वेंगुर्ला

बाटलीतून ओतायची नेमकी पद्धत कोणी सांगेल का? काही जण म्हणतात यीस्ट तळाशीच सोडून द्या, काही म्हणतात हलवून घ्या.

फेसाळ

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, आडवी नाही. पिताना 6 ते 8 अंश हवेत. फ्रिज 4 अंशांवर असेल तर बाटली बाहेर काढून पाच मिनिटं थांबलात तरी पुरे, आपल्याकडच्या हवेत दहा मिनिटं जास्त होतात.

ग्लास उंच, खाली निमुळता, वर फुगीर. अर्धा लिटरची बाटली असेल तर ग्लासात फेसाला वर चार बोटं जागा हवी. ग्लास थंड पाण्याने विसळायचा आणि ओलाच घ्यायचा. कोरड्या काचेवर फेस अनावर होतो. फ्रिजरमध्ये गोठवलेला ग्लास नको, गारठ्याने वासच उठत नाही.

ग्लास 45 अंशांत तिरका धरा आणि काचेच्या कडेने सावकाश ओता. दोन-तृतीयांश बाटली रिकामी झाली की ग्लास सरळ करत न्या. बाटलीत साधारण 50-60 मिली उरलं की थांबा. आता बाटली मनगटाने गोल फिरवा, सात-आठ फेरे. तळाचं यीस्ट सुटून दुधाळ होतं. ते फेसाच्या मधोमध ओता. पांढऱ्या फेसातून ते खाली धुरासारखं उतरताना दिसतं आणि पिवळा रंग एकदम गढूळ होतो. ते टाकून दिलंत तर क्रिस्टलवाइझन, म्हणजे गाळलेली गव्हाची बिअर, प्यायल्यासारखं, कणकेचा वास आणि भरीवपणा दोन्ही गेले.

एक अपवाद: बाटली जुनी असेल तर तळाचं यीस्ट आधी वेगळ्या पेल्यात घेऊन हुंगा. सोया सॉस किंवा उकडलेल्या मटणाच्या रश्शासारखा वास आला तर यीस्टच्या पेशी फुटल्या आहेत. मग ते ओतू नका.

फेसाचा दुसरा शत्रू तेल. जिथे सुरमई-बोंबील तळतात तिथे त्याच घासणीने ग्लास घासले जातात. तपासायचं कसं? ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरा. जिथे तेलकटपणा आहे तिथे मीठ चिकटत नाही, टक्कल दिसतं. बिअरच्या ग्लासांना वेगळी घासणी ठेवा आणि साबणानंतर दोनदा विसळा.

जांभाविहीर

पाण्याबद्दल कुणी बोललं नाही. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी बहुतेक मऊ, क्षार कमी, थोडं आम्लाकडे झुकलेलं. गव्हाच्या बिअरला हे सोयीचं आहे, पण त्यात कॅल्शियम फारच कमी असतं आणि ते नसेल तर यीस्ट नीट खाली बसत नाही, मॅशमधली एन्झाइम्सही मंद चालतात. 50 पीपीएम कॅल्शियमसाठी 100 लिटरला 18 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) पुरतं. किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्च-एप्रिलनंतर मचूळ होतात. तेव्हा क्लोराइड आधीच जास्त असतं, तिथे हेच जिप्समने भागवावं किंवा आरओचं पाणी मिसळावं.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढलंच पाहिजे. क्लोरीन आणि फिनॉल एकत्र आले की दवाखान्याचा, चिकटपट्टीचा वास येतो, तोही अगदी कणभर असला तरी. पुष्कळ लोक त्यालाच 'लवंग' समजतात. फरक असा: लवंग गोडसर आणि उबदार लागते, हा वास थंड आणि घशाला धरणारा. सक्रिय कोळशाचा फिल्टर, किंवा 100 लिटरला साधारण पाऊण ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट.

आम्लता हा बारीक मुद्दा आहे पण लवंगेशी थेट जोडलेला. फेरुलिक आम्ल सोडवणाऱ्या एन्झाइमला पीएच 5.7-5.8 मानवतो, साखर करणाऱ्यांना 5.3-5.5. लॅक्टिक आम्ल सुरुवातीलाच घातलं तर पहिला टप्पा अडखळतो. ते 45 अंशांचा थांबा संपल्यावर घाला.

तिरफळ

सोबत काय खाल्लं, हेही लिहा. चव त्यानेही बदलते.

कोकणी ताटातलं काय जमतं? रव्यात घोळवून तळलेले बोंबील किंवा मुडदुसे उत्तम. बुडबुडे तेलकटपणा धुऊन नेतात, कडवटपणा नसल्याने मासळीची गोडी दबत नाही. तिसऱ्यांचं सुकं, ओलं खोबरं भरपूर आणि तिखट बेताचं, हेही छान. कोळंबीची भजी. नुसत्या आंबोळीबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी लसूण न घालता.

न जमणारं: तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. तिरफळाने जीभ बधिर होते आणि मग लवंग असली काय नि नसली काय. सोलकढीसोबत तर नकोच, कोकमाची आंबटगोड चव आणि लसूण मिळून बिअर पाणचट लागते. फार तिखट मालवणी रश्शाबरोबर बुडबुडे जळजळ वाढवतात, कमी करत नाहीत.

चाखायची असेल तर आधी चाखा, मग जेवा. मधे एक घोट पाणी आणि साधा पाव. आणि नाक तयार करायला एका वाटीत दोन लवंगा ठेचून, दुसऱ्या वाटीत पिकलं वेलची केळं कुस्करून बाजूला ठेवा. वाटी हुंगा, थोडा वेळ थांबा, ग्लास हुंगा. एकदा हे केलं की अंदाज राहत नाही, ओळख पटते.

नवखा_वेंगुर्ला

बाटली आणि टॅप यांच्यात एवढा फरक पडतो? की तो त्या दिवशीचा भास असू शकतो?

खाडीकाठ

भास वगळायला तीन ग्लासांची चाचणी करा. तीन सारखे ग्लास, दोनांत एक बिअर, एकात दुसरी. ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा. ग्लास कागदात गुंडाळा म्हणजे रंग, गढूळपणा दिसणार नाही. वेगळा कोणता तेवढंच सांगायचं. अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतोच, म्हणून सहा-सात फेऱ्या तरी करा.

तांब्याची कढई

फरक खरा असणार, कारण उष्णता. बिअरच्या धंद्यात 3-30-300 असा ढोबळ नियम आहे: 32 अंशांवर 3 दिवसांत बिअर जेवढी शिळी होते तेवढी 22 अंशांवर 30 दिवसांत आणि 3 अंशांवर 300 दिवसांत होते. किनाऱ्यावरच्या दुकानात उघड्या फळीवर अकरा आठवडे म्हणजे काय ते यावरून कळेल.

पुठ्ठ्याचा वास बाटलीत भरताना शिरलेल्या हवेमुळे आणि उष्णतेमुळे. केळं कमी होण्याचं कारण वेगळं: यीस्टमधून सुटणारी एन्झाइम्स आयसोअमिल ॲसिटेट, म्हणजे केळ्याचा वास, हळूहळू तोडतात आणि उबेत जोराने तोडतात. लवंगही जुनी होताना ओसरते. म्हणून ही बिअर तारखेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि सतत थंड राहिलेलीच घ्या. दुकानात फ्रिजमधली मागा, फळीवरची नको.

उन्हात उभ्या गाडीत बाटल्या ठेवू नका. साडेतीन व्हॉल्यूमची बाटली 40 अंशांना पोचली की आतला दाब 5 बारच्या आसपास जातो. पातळ काचेची बाटली तिथे फुटते.

जांभाविहीर

गोव्यातली बाटली गाडीत घालून सिंधुदुर्गात आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर: परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, एक असली तरी. बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. तुलना करायची तर पलीकडेच बसून करा आणि गाडी दुसऱ्याने चालवावी. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं. घरी बिअर आंबवणंही परवान्याशिवाय चालत नाही, त्यामुळे या धाग्यातली मापं ब्रुअरीसाठीच समजा.

नवखा_वेंगुर्ला

आणखी एक शंका. 1516 चा जर्मन शुद्धता कायदा म्हणतो फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी. मग गहू कसा चालला?

तिरफळ

तो कायदा बव्हेरियाचा, इंगोलश्टाटला जाहीर झालेला. गहू पावासाठी राखून ठेवणं हाही त्यामागचा हेतू समजला जातो. पण डेगेनबर्ग घराण्याला गव्हाची बिअर करायचा खास हक्क होता. 1602 मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क ड्यूक मॅक्सिमिलियन पहिला याच्याकडे आला. मग ती राजघराण्याची मक्तेदारी आणि मोठी कमाई झाली. पुढे बिअरची आवड बदलली, मागणी आटली, आणि 1872 मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी हा हक्क मिळवून ती टिकवली. श्नायडरच्या बाटलीवर 1872 लिहिलेलं असतं ते म्हणून. यीस्ट कायद्यात नाही कारण तेव्हा यीस्ट म्हणजे काय हेच कळलेलं नव्हतं.

खाडीकाठ

ब्रुअरीशी बोलणं झालं. मोकळेपणाने सांगितलं त्यांनी. गव्हाचा माल्ट 68%, उरलेला पिल्सनर, म्हणजे बार्लीचा फिकट माल्ट. मॅश एकाच टप्प्यात, 66 अंश, साठ मिनिटं. यीस्ट कोरडं, लालमंड कंपनीचं म्युनिक क्लासिक. आंबवण 23-24 अंशांवर, उंच शंकूच्या तळाच्या टाकीत. गाळताना मॅश अडकतो म्हणून भाताचा तूस घालतात. टाकीला जॅकेट नाही, त्यामुळे टप्प्यांचा मॅश जमत नाही असं त्यांचं म्हणणं.

तांब्याची कढई

मग कोडं सुटलं. एकेक घेऊ.

गहू 68%. जर्मनीत वाइझन म्हणायला किमान 50% गव्हाचा माल्ट लागतो आणि लोकांना वाटतं जितका जास्त तितकं चांगलं. पण मोकळं फेरुलिक आम्ल बार्लीच्या माल्टमधून जास्त सुटतं. गहू 50-55 वर आणला तर फेस, गढूळपणा राहतो आणि लवंगेला कच्चा माल वाढतो.

यीस्ट. म्युनिक क्लासिक केळ्याकडे झुकतं. ते वाईट नाही, पण 23-24 अंशांवर केळं एवढं उसळतं की असलेली थोडी लवंगही झाकली जाते. 16-17 अंशांवर यीस्ट घाला, दोन दिवस 18 वर ठेवा, मग सावकाश 20 पर्यंत जाऊ द्या. जर्मन ब्रुअरांचा जुना ठोकताळा आहे की यीस्ट घालतानाचं तापमान आणि आंबवणीचं कमाल तापमान यांची बेरीज 30 च्या आसपास असावी. 12 आणि 18, असं. आपल्याकडे चिलरवर ताण येतो, पण 16 अशक्य नाही.

फर्मेंटिस कंपनीच्या डब्ल्यूबी-06 यीस्टवर उडी मारू नका. त्यात लवंग येते, पण ते डायस्टॅटिकस जातीचं आहे, बाकी यीस्टला न पचणारं डेक्स्ट्रिनसुद्धा खातं. बिअर कोरडी होते, आणि लवकर बाटलीत भरली तर आत आंबवण चालूच राहून दाब वाढत जातो. टाकीतली नळी, गॅस्केट नीट निर्जंतुक झाली नाही तर पुढच्या बॅचनाही लागण होते. द्रव यीस्ट परवडत असेल तर वाइहेनश्टेफानचं डब्ल्यू-68, म्हणजे वायीस्ट 3068, हे जास्त समतोल.

आता जॅकेट नसताना टप्पे कसे. 100 किलो दाण्यासाठी हिशोब देतो, दाणा 28 अंशांवर धरून.

पहिलं पाणी 220 लिटर, 47 अंश. मिसळल्यावर मॅश 44 वर बसतो. घट्ट वाटेल, तसाच हवा. 12-15 मिनिटं, मधे एकदा ढवळणं. मग उकळतं पाणी 142 लिटर, हळूहळू आणि सतत ढवळत. मॅश 63 वर येतो. पाणी एका जागी ओतलं तर तिथली एन्झाइम्स मरतात आणि गुठळ्या होतात, म्हणून दोन माणसं लागतात: एक ओतायला, एक फावडं चालवायला. 63 वर 35 मिनिटं.

पुढे 72 वर न्यायला पुन्हा पाणी घालू नका, आणखी 140 लिटर लागेल आणि मॅश फार पातळ होईल, मग धुवायला पाणीच उरणार नाही. इथे डिकॉक्शन करा: मॅशचा घट्ट भाग, साधारण 30%, उकळायच्या भांड्यात काढा, दहा मिनिटं उकळा, परत मिसळा. तळाला लागू नये म्हणून सतत ढवळायचं, खीर आटवतो तसं. गणिताने पाव भाग पुरतो, पण नेता-आणता उष्णता जाते म्हणून 30. या उकळण्याने पावाच्या कडेची, भाजकी चव येते ती वेगळीच कमाई. 72 वर 20 मिनिटं, मग गाळणं.

हॉप्स एकदाच, उकळी आल्यावर, 10-12 आयबीयू (कडवटपणाचं माप) पुरे. हालरटाऊ किंवा हर्सब्रुकर. शेवटी सुगंधासाठी टाकू नका.

जांभाविहीर

तुसाबद्दल. गव्हाला साल नसते, म्हणून गाळताना थर घट्ट बसतो आणि पाणी उतरत नाही. भाताचा तूस त्यावर उत्तम, आपल्याकडे भातगिरणीत मिळतोही. पण गिरणीचा तूस थेट घालू नका. त्यात धूळ, तुटका तांदूळ, कोंडा असतो. कोंड्याचं तेल फेस मारतं आणि खवट लागतं. चाळून घ्या, तीन-चार पाण्यांत धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग दहा मिनिटं उकळून निथळून लगेच वापरा. वजनात दाण्याच्या 5%, म्हणजे 100 किलोला 5 किलो. पावसाळ्यात साठवलेल्या तुसाला बुरशी लागते. कुबट वास आला तर फेकून द्या, धुऊन तो जात नाही.

फेसाळ

उंच टाकीबद्दल एक. बिअरचा उंच स्तंभ आणि विरघळलेला वायू यीस्टला केळं करू देत नाहीत. बव्हेरियात काही जण म्हणूनच उथळ, उघड्या टाक्यांत आंबवतात. इथे तापमान उतरवलं की केळं जरा जास्तच कमी होईल. अशा वेळी टाकी दोन-तृतीयांशच भरावी आणि पहिले तीन दिवस वायू बाहेर जायची वाट मोकळी ठेवावी, दाब धरू नये.

नवखा_वेंगुर्ला

एवढा खटाटोप करण्यापेक्षा उकळताना चार लवंगा टाकल्या तर?

तांब्याची कढई

लवंगेचा वास युजेनॉलचा, बिअरमधला 4-व्हिनाइल ग्वायाकॉलचा. नात्यातले आहेत, एक नाहीत. खऱ्या लवंगेने बिअर मसाल्याच्या चहासारखी लागते, जीभ किंचित बधिर होते, आणि लवंगेचं तेल फेस बसवतं. शिवाय चार लवंगा 500 लिटरला कमी आणि वीस लवंगा जास्त, मधलं माप सापडत नाही. 44 अंशांवर पंधरा मिनिटं थांबणं त्याहून सोपं आहे.

खाडीकाठ

हिशोब ब्रुअरीला पाठवला. पुढच्या बॅचला गहू 55% आणि 44 अंशांचा थांबा एवढेच दोन बदल करतो म्हणाले, यीस्ट आणि तापमान तेच ठेवून. एका वेळी सगळं बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, हे त्यांचं म्हणणं पटलं. जुन्या बॅचच्या सहा बाटल्या त्यांनी 3 अंशांवर राखून ठेवल्या आहेत. नवी टॅपवर आली की दोन्ही शेजारी ठेवून तीन ग्लासांची चाचणी तिथेच करू, केग लावल्याच्या पहिल्या दिवशी. येणाऱ्यांनी लवंगा आणि वेलची केळी आणावीत.